वळू घेताना काय पाहावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कळपासाठी वळू निवडणे आणि विकत घेणे या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ तालुक्याचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे अठरा खिलार गाई आहेत. आजवर शेजारच्या वस्तीवरील वळूवर भागत होते, आता स्वतःचा वळू घ्यावा असे वाटते. खरसुंडीच्या यात्रेत एक चौसा (चार दात आलेला) खोंड मनात भरला. त्याचा बाप शर्यतीत नावाजलेला असल्याचे सांगतात आणि मालक चार लाखांच्या खाली यायला तयार नाही. गावातील जाणकारांच्या मते त्याच्या अंगावरील केसांचा एक भोवरा मात्र अशुभ आहे. काय करावे? (सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : चार लाख रुपये कशाचे मागितले जात आहेत, हे आपण आधी वेगळे करून पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या शर्यतींसंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पळाऊ खोंडांच्या किमतींचा आणि पैदाशीच्या गुणांचा संबंध सैल होत गेला आहे. शर्यतीची हौस असणाऱ्याने त्या वेगाचे पैसे अवश्य मोजावेत, पण आपल्याला शेतकामाचे बैल आणि पुढच्या पिढीच्या गाई हव्या असतील, तर त्या किमतीचा मोठा भाग आपल्या गोठ्यात कधीच वसूल होणार नाही. शिवाय बाप नावाजलेला आहे, हे सांगणाऱ्याच्या हाती बहुधा कोणतीही नोंद नसते. खोंडाची आई त्याच वळूने भरवली होती, हे सांगू शकणारा माणूस समोर आणता येतो का, एवढे तरी विचारावे.

दुसरी गोष्ट खोंडाच्या देखणेपणाची. माणदेशातील पशुपालक चांगल्या गोऱ्ह्याला आईचे सगळे दूध पाजतात आणि प्रसंगी दुसऱ्या गाईचेही लावतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. अशा गोऱ्ह्याच्या अंगावर येणारी चकाकी आणि भरलेली मान ही खुराकाची कमाई असते. ती पुढच्या पिढीत उतरत नाही. त्यामुळे खोंड मनात भरला असेल तर यात्रेत सौदा न करता मालकाच्या गावी जावे आणि त्याची आई पाहावी. ती किती वेळा व्याली, दोन वेतांत किती अंतर पडले, कासेची ठेवण कशी आहे, खूर कसे आहेत आणि माणसाला जवळ येऊ देते की शिंगावर घेते, या गोष्टी पाहाव्यात. साडेतीन-चार वर्षांची होऊन पहिल्यांदा व्यालेली आणि नंतर दर चौदा-पंधरा महिन्यांनी व्यालेली खिलार गाय ही आपल्या हवापाण्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण दुष्काळी पट्ट्यात कळप वाढतो तो वेळेवर गाभण राहणाऱ्या गाईंमुळे. मालक आई दाखवायला काचकूच करत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

प्रत्यक्ष खोंडाकडे पाहताना वशिंड आणि शिंगे सर्वांत शेवटी पाहावीत. प्रथम त्याला कडक जमिनीवर सरळ चालवावे आणि मागून पाहावे. गाईवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो, म्हणून मागचे पाय खांबासारखे अगदी ताठ किंवा फार वाकलेले असलेला खोंड दोन-तीन हंगामांत निकामी होऊ शकतो. त्यानंतर दोन्ही अंड हाताने चाचपून पाहावेत. ते सारख्या आकाराचे, पिशवीत मोकळेपणी हलणारे आणि दाबल्यावर घट्ट पण लवचीक लागले पाहिजेत. एक लहान व एक मोठा, दगडासारखा कठीण किंवा पिलपिलीत अंड असल्यास सौदा तेथेच थांबवावा. पिशवीचा घेर टेपने मोजता येतो. परदेशी जातींच्या दोन वर्षांवरील वळूसाठी तो किमान ३४ सेंटिमीटर असावा असा दंडक आहे. देशी जाती उशिरा वयात येत असल्याने तो आपल्या खोंडाला जसाच्या तसा लावू नये, मात्र एकाच वयाच्या दोन खोंडांपैकी ज्याचा घेर अधिक, त्याला झुकते माप द्यावे. अशा वळूच्या कालवडीही लवकर माजावर येतात, असे अनेक जातींत आढळले आहे. शेवटी पशुवैद्यकाकडून वीर्याची तपासणी करून घ्यावी. पुढे सरकणारे शुक्राणू किमान ३० टक्के आणि नीट आकाराचे किमान ७० टक्के असणे ही तिची कमीत कमी अट मानतात. शक्य झाल्यास माजावरील गाईजवळ त्याला सोडून तो प्रत्यक्ष काम करतो का हेही पाहावे, कारण वीर्य उत्तम असूनही चढण्यात गोंधळणारे वळू असतात.

चौसा म्हणजे साधारण तीन ते साडेतीन वर्षांचा खोंड. पैदाशीला सुरुवात करण्यास हे वय योग्य आहे. पहिल्या हंगामात त्याच्यावर पंधरा-वीस गाईंपेक्षा अधिक भार टाकू नये, म्हणजे आपल्या अठरा गाई त्याला पुरेशा आहेत.

भोवऱ्याचा फळण्याशी, दुधाशी किंवा कामाशी कोणताही संबंध नाही. त्याचा संबंध आहे तो बाजारातील किमतीशी. आई चांगली निघाली आणि वीर्य तपासणीत खोंड उतरला, तर हाच भोवरा पुढे करून किंमत पाडून घेण्यास हरकत नसावी.

प्रश्न : देवणीचा वळू घ्यायचा आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात प्रत्येक विक्रेता आईचे दूध दहा लिटर सांगतो. खरे दूध कसे ओळखावे आणि आईच्या दुधावर कितपत भिस्त ठेवावी? (उदगीर, जि. लातूर)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. बाजारात आणलेल्या गाईचे दूध पाहू नये. वासरू तोडून आणि एक वेळची धार चुकवून आणलेल्या गाईची कास भरलेली दिसणारच. मालकाच्या गोठ्यावर संध्याकाळी जावे, आपल्यासमोर गाय पूर्ण पिळून घ्यावी आणि त्यानंतरच्या सकाळच्या व संध्याकाळच्या धारा मोजाव्यात. देवणी गाय वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे वासराने किती प्यायले याचा अंदाजही धरावा लागतो. गाय व्यायला किती दिवस झाले हे विचारल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही, कारण दुसऱ्या महिन्यातील सात लिटर आणि सातव्या महिन्यातील सात लिटर यांत फार अंतर आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर पुष्कळ गोपालकांना रुचत नाही, तरी ते हिशेबानेच मांडतो. समजा, आपल्या भागातील देवणी गाईंची सरासरी वेताला ९०० लिटर आहे आणि निवडलेल्या खोंडाच्या आईने एका वेतात १,५०० लिटर दिले. फरक ६०० लिटरचा झाला. दुधाच्या बाबतीत गाईगाईंतील अशा फरकाचा सुमारे चौथा हिस्साच रक्तातून आलेला असतो. उरलेला खुराक, निगा, वेताचा क्रम आणि योगायोग यांतून येतो. म्हणजे आईच्या रक्तातील खरी वाढ १५० लिटरच्या आसपास धरावी. तिच्यातील निम्मी, ७५ लिटर, खोंडात आली आणि खोंडाकडून त्याच्या कालवडींत पुन्हा निम्मी उतरली. हाती उरले सुमारे ३७ लिटर. आईची तीन-चार वेतांची नोंद उपलब्ध असेल तर हा आकडा काहीसा वाढतो. खोंडाच्या बापाच्या इतर मुली दूध कसे देतात हे कळले, तर अंदाज आणखी पक्का होतो. पण केवळ आईच्या एका वेताच्या दुधावर दुप्पट किंमत देणे या हिशेबात बसत नाही.

आमचे मत असे की, दूध वाढवणे हाच आपला मुख्य हेतू असेल, तर बांधलेल्या वळूपेक्षा ज्या वळूच्या मुलींच्या दुधाची नोंद झाली आहे त्याच्या गोठित वीर्यमात्रा वापराव्यात. अशी नोंद नसेल, तर निदान ज्याच्या आईच्या अनेक वेतांचे दूध मोजलेले आहे अशा वळूच्या मात्रा घ्याव्यात. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ आणि उरुळी कांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेली बायफ संस्था यांच्याकडे देशी जातींच्या मात्रा मिळतात. वीर्यमात्रेच्या प्रत्येक कांडीवर (बारीक नळीवर) वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे चार वर्षांनी त्याच वळूच्या मुलीला त्याचीच मात्रा भरण्याची चूक होत नाही. वळू मात्र त्यांनी अवश्य पाळावा ज्यांच्या गाई रानात चरतात आणि माज ओळखणारा माणूस दिवसभर सोबत नसतो. देवणीचा माज अनेकदा मुका असतो. तो माणसाला उमगत नाही, वळूला उमगतो. तेवढ्या कामासाठी वळू घ्यायचा असेल, तर आईचे दूध हे केवळ निकृष्ट खोंड वगळण्यासाठी वापरावे आणि निवड कासेची ठेवण, वेतांतील अंतर व खोंडाची प्रकृती यांवर करावी. वानेरा, शेवेरा की बालंक्या, हा देवणीतील रंगप्रकारांचा प्रश्न आपल्या आवडीवर सोडतो.

प्रश्न : आमच्या पाड्यावर डांगी गाईंसाठी सामायिक वळू आहे. तो गेल्या वर्षी दुसऱ्या गावाकडून आणला. यंदा निम्म्याहून अधिक गाई उलटत आहेत, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येत आहेत. आषाढात वळूला ताप येऊन तो आठवडाभर चरला नव्हता. वळू विकून दुसरा घ्यावा का? (अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर : लगेच विकू नये. या प्रकारात दोन निराळ्या शक्यता आहेत आणि त्यांतील फरक गाईंच्या उलटण्याच्या दिवसांवरून बराचसा कळतो.

वळूच्या शरीरात शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. लाळ्या-खुरकूत, लम्पी, गोचीड ताप किंवा कोणत्याही कारणाने आलेला तीव्र ताप वृषणांतील या प्रक्रियेला बाधा आणतो आणि वळू बरा होऊन हिंडू-फिरू लागल्यानंतरही कित्येक आठवडे त्याचे वीर्य निकामी असू शकते. अशा वेळी गाई गाभण राहतच नाहीत आणि बरोबर एकवीस दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर येतात. आपल्याकडे हेच घडत असेल, तर वळूला विश्रांती द्यावी, ताप उतरून दोन ते अडीच महिने झाल्यावर वीर्य तपासावे आणि तोवर शेजारच्या पाड्यावरील तपासलेला वळू किंवा कृत्रिम रेतन वापरावे.

गाई तीस, चाळीस किंवा त्याहून अधिक दिवसांनी अनियमितपणे उलटत असतील, एखादीचा गर्भ दोन-तीन महिन्यांचा होऊन पडला असेल किंवा माकणात (योनिमार्गात) पू दिसत असेल, तर संशय वळूकडून पसरणाऱ्या लैंगिक रोगांचा घ्यावा लागतो. ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे त्यांतील प्रमुख जंतू. वळू वरून ठणठणीत दिसतो, त्याला तापही नसतो, आणि तरी तो एका गाईकडून दुसऱ्या गाईकडे रोग नेत राहतो. अनेक गावांत फिरलेला वळू स्वस्तात मिळतो, पण हा धोका त्याच्यासोबतच येतो. पशुवैद्यकाने वळूच्या शिश्नावरणाच्या आतील धुवण प्रयोगशाळेकडे पाठवल्यास निदान होऊ शकते. ट्रायकोमोनास सापडल्यास तो वळू पैदाशीतून काढणेच बरे.

म्हणून सर्व गोपालकांनी एकत्र बसून प्रत्येक गाय कोणत्या दिवशी भरली आणि कोणत्या दिवशी उलटली हे आठवून लिहावे. तारखा आठवत नसतील तर अमावास्या, बाजाराचा वार, जवळचा सण अशा खुणांवरून लिहाव्यात. पशुवैद्यक पहिल्यांदा हाच कागद मागतील. नवीन वळू घेण्याची वेळ आलीच, तर अद्याप एकाही गाईवर न गेलेला दुसा (दोन दात आलेला) खोंड घ्यावा. मात्र पहिल्या हंगामात त्याच्यावर थोड्याच गाई सोडाव्यात.

प्रश्न : माझा गवळाऊ वळू पाच वर्षांपासून कळपात आहे. स्वभावाने गरीब, गाई वेळेवर फळतात. त्याचाच एक गोऱ्हा पुढे वळू म्हणून ठेवावा असा विचार आहे. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कृपया ठेवू नये, आणि त्याच्या बापालाही या कळपातून हलवावे. गाय सुमारे नऊ महिने दहा दिवस गाभण राहते आणि देशी कालवड अडीच ते तीन वर्षांची झाली की माजावर येऊ लागते. म्हणजे वळू कळपात आल्यापासून साडेतीन वर्षांच्या पुढे त्याच्या स्वतःच्या मुली त्याच्यासमोर उभ्या राहू लागतात. आपल्या कळपात हा काळ कधीच उलटून गेला आहे. बाप आणि मुलीच्या संकरातून झालेल्या वासरात रक्तसंबंधाचे प्रमाण २५ टक्के असते. आपण त्याचा गोऱ्हा ठेवलात, तर तो सावत्र बहिणींवर जाईल आणि ते प्रमाण १२.५ टक्के होईल. परिणाम एका दिवसात दिसत नाहीत. वासरे किंचित लहान जन्मतात, हगवणीत अधिक मरतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गाई एकदा-दोनदा जास्त उलटतात. गोपालक प्रत्येक वेळी चाऱ्याला किंवा पावसाला दोष देतो.

गवळाऊसारख्या मर्यादित पट्ट्यातील जातीत वळू बाहेरून आणणे अवघड आहे, हे खरे. त्यावरचा उत्तम उपाय अदलाबदलीचा आहे. दोन तालुके दूर असलेल्या गोपालकाशी बोलून, दोन्ही वळूंची रोगतपासणी करून, वळू बदलून घ्यावेत. पैसे लागत नाहीत आणि जात शुद्ध राहते. मात्र आपला वळू मुळात त्याच कळपातून आलेला नाही ना, याची खात्री करावी.

याबरोबर आणखी एक काम करणे आवश्यक आहे. कळपात मोकळे हिंडणारे दीड-दोन वर्षांचे गोऱ्हे वेळीच खच्ची करून घ्यावेत किंवा वेगळे बांधावेत. कळपातील मुख्य वळू बदलूनही सावत्र भावांनी गाई भरवल्याची उदाहरणे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

प्रश्न : आमच्या श्वेता कपिला गाईला जुळे झाले, एक कालवड आणि एक गोऱ्हा. या जातीचे चांगले वळू मिळत नाहीत. हा गोऱ्हा वळू म्हणून वाढवता येईल का? (डिचोली, गोवा)

उत्तर : वाढवता येईल. अशा जुळ्यांत गर्भावस्थेत दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि त्यामुळे कालवड जवळजवळ नेहमीच वांझ निघते. दहांतील नऊ किंवा त्याहून अधिक अशा कालवडी गाभण राहत नाहीत, म्हणून तिच्यावर पैदाशीची आशा ठेवू नये. गोऱ्हा सहसा फळतो. तरीही काही जुळ्या गोऱ्ह्यांत वीर्य कमी प्रतीचे असल्याचे आढळते, त्यामुळे तो तीन वर्षांचा झाल्यावर वीर्य तपासूनच गाईंवर सोडावा.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी वळू घेणार आहे. घरी आणल्यावर कोणती काळजी घ्यावी? (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : यात्रेत अनेक जिल्ह्यांतील जनावरे दाटीने एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे तेथून आणलेला वळू थेट कळपात सोडणे हे सर्वांत मोठे जोखमीचे काम आहे. त्याला किमान तीन आठवडे, शक्य तर महिनाभर, वेगळ्या जागी बांधावे. त्याचे पाणी, गव्हाण आणि दावे वेगळे असावे. आधी आपल्या गाईंचे काम उरकून मग त्याच्याकडे जावे. गोचिडांवर पहिल्याच दिवशी उपचार करावा.

या काळात रक्त तपासून ब्रुसेला रोग नाही याची खात्री करावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण नुकत्याच झालेल्या संसर्गात पहिली तपासणी निर्दोष येऊ शकते. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात, नरांना देत नाहीत. त्यामुळे वळूचा अहवाल सदोष आला आणि विक्रेता तो लसीचा परिणाम असल्याचे सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. हा रोग माणसालाही होतो, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. क्षयाची चाचणी कातडीत टोचून घेतात आणि ती ७२ तासांनी वाचावी लागते, म्हणून पशुवैद्यकाच्या दोन फेऱ्या ठरवून घ्याव्यात.

व्यवहाराच्या वेळी कानातील बारा अंकी बिल्ला पावतीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, आरोग्य दाखला घ्यावा आणि तपासणीत दोष निघाल्यास वळू परत घेण्याची अट पावतीवरच लिहून घ्यावी. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरलेल्या सौद्यात ही अट मागितली की दलाल हसतात. त्यांना हसू द्यावे.

प्रश्न : नऊ वर्षांचा वळू आता चढताना अडखळतो. नवीन घेतल्यावर जुन्याचे काय करावे? (माण, जि. सातारा)

उत्तर : महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर वळू आणि बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे वळू घेतानाच त्याच्या अखेरच्या काही वर्षांच्या चाऱ्याचा खर्च हिशेबात धरायला हवा होता. तो बहुतेक जण धरत नाहीत. या वयात खच्ची करून औताला जुंपण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

प्रथम अडखळण्याचे कारण पाहावे. वाढलेले खूर किंवा दुखरा सांधा असेल, तर खूर साळून आणि उपचार करून तो आणखी हंगाम-दोन हंगाम काम देऊ शकेल आणि मोजक्या गाई असलेल्या दुसऱ्या कळपाला उपयोगी पडेल. मात्र त्याला देण्यापूर्वी वीर्याची व ब्रुसेलाची तपासणी आपणच करून अहवाल सोबत द्यावा. तेही शक्य नसेल, तर गोशाळेशी बोलून चाऱ्यापोटी काही रक्कम ठरवावी. आणि नवा वळू आला की जुन्याला त्याच्या नजरेआड, भक्कम दाव्याने बांधावे. म्हाताऱ्या, गरीब वळूवर घरच्यांचा विश्वास बसलेला असतो आणि लहान मुले त्याच्या पुढून बिनधास्त ये-जा करतात. दुसऱ्या वळूचा वास आल्यावर तो पूर्वीसारखाच वागेल असे कोणीही गृहीत धरू नये. त्याची वेसण झिजली असेल तर ती याच आठवड्यात बदलून घ्यावी.